वरातीमागून घोडं: शेवटच्या क्रमांकासाठी लागलेल्या चढाओढीचं प्रकरण

एका प्रादेशिक हौशी सायकल शर्यत मालिकेच्या वर्षअखेरच्या विनोदी पुरस्कारांचं हे प्रकरण. ही मालिका कुठल्या एका क्लबची नाही. हौशी शर्यतींत वर्षानुवर्षं जे घडतं ते अभ्यासासाठी इथे एकत्र जुळवलं आहे, म्हणून त्यात माणसांची नावं नाहीत. मधे मधे येणारे मोठ्या शर्यतींचे दाखले मात्र खरे आहेत.

थट्टा म्हणून सुरू केलेल्या एका पुरस्काराने दुसऱ्याच वर्षी हंगामातली शेवटची शर्यत खोळंबवली, आणि दुसऱ्या एका पुरस्काराने एक चांगला सायकलपटू दुखावला. तरीही समितीने पुरस्कार बंद केले नाहीत. माझ्या मते ते बरोबरच केलं, फक्त त्यांनी जे बदललं ते आधी बदलायला हवं होतं.

मूळ दुखणं

मालिकेत रोड रेस, क्रिटेरियम (छोट्या बंद रस्त्यावर फेऱ्या मारत होणारी शर्यत), टाइम ट्रायल (एकेकट्याने घड्याळाशी लावलेली शर्यत) आणि एक चढाईची शर्यत असायची. गट तीन: नवख्यांचा ‘क’, मधला ‘ब’ आणि तगड्यांचा ‘अ’; महिलांचा गट वेगळा. क्रमांकानुसार गुण मिळायचे आणि पुरेसे गुण झाले की समिती वरच्या गटात पाठवायची. समिती म्हणजे स्वयंसेवक. त्यांनीच परवानग्या काढायच्या, त्यांनीच शंकू मांडायचे, त्यांनीच निकाल लावायचे आणि निकालावरून शिव्याही त्यांनीच खायच्या.

वार्षिक कार्यक्रमाचं रडगाणं ठरलेलं होतं. प्रत्येक गट, प्रत्येक वयोगट, प्रत्येक प्रकार आणि त्यात पहिला, दुसरा, तिसरा. मंचावर तीच पाच-सहा माणसं आळीपाळीने चढायची, उतरायची, पुन्हा चढायची. हौशी खेळाचं गणित तसं निष्ठुर असतं. सुरुवातीच्या रेषेवर पन्नास जण उभे राहिले तर सत्तेचाळीस जणांना पोडियम लांबूनच दिसतो. पण शर्यत चालते ती त्या सत्तेचाळीस जणांनी भरलेल्या प्रवेश शुल्कावर. वर्षभर मागून दम खायचा आणि वर्षअखेरीस पुढच्यांसाठी टाळ्या वाजवायच्या, एवढंच त्यांच्या वाट्याला येत होतं. हळूहळू ते कार्यक्रमाला येईनासे झाले.

तेव्हा एका सभासदाने सुचवलं की गंभीर बक्षिसं आटोपती घ्यावीत आणि उरलेल्या वेळात म्हणींच्या नावाने पुरस्कार द्यावेत.

पहिलं वर्ष

पहिल्या वर्षी सगळंच जमून आलं, कारण कोणीच काही ठरवलं नव्हतं. समितीतले चौघे बसले, वर्षभरात काय काय हसण्यासारखं घडलं ते आठवलं आणि नावं काढली.

‘उतावळा नवरा’ पुरस्कार ‘ब’ गटातल्या एका तरुणाला मिळाला. क्रिटेरियममध्ये शेवटची फेरी सुरू होताना घंटा वाजते. ह्या पठ्ठ्याने घंटेच्या आधी जीव तोडून स्प्रिंट मारला, रेषा ओलांडली, दोन्ही हात वर केले, जर्सीची चेन गळ्यापर्यंत नीट लावून घेतली आणि पेडल मारणं थांबवलं. घंटा त्याच्यासाठीच वाजतेय असा त्याचा समज. तेवढ्यात सगळा घोळका त्याच्या दोन्ही बाजूंनी निघून गेला.

हे फक्त नवख्यांचं होतं असं नाही. 2017 च्या जिरो द’इतालियात, म्हणजे इटलीतल्या अनेक टप्प्यांच्या मोठ्या शर्यतीत, मेसिनाला लुका पिबेर्निकने एक फेरी बाकी असतानाच विजय साजरा केला होता. 2004 च्या मिलान-सान रेमोत एरिक झाबेलने रेषेच्या जरा अलीकडे हात वर केले आणि ऑस्कर फ्रेइरेने तेवढ्यात चाक पुढे घातलं. 2020 च्या लिएज-बास्तोन-लिएजमध्ये विश्वविजेत्याची जर्सी घातलेल्या ज्युलियन अलाफिलीपचे हात वर गेले आणि प्रिमोझ रोग्लिच जिंकला. वर स्प्रिंटमध्ये वाट अडवली म्हणून अलाफिलीपला पाचवा क्रमांक देण्यात आला तो वेगळाच. आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये आनेमीक फान फ्लुटेन सुवर्ण मिळाल्याच्या आनंदात रेषेवर आली, तेव्हा ॲना कीजनहोफर केव्हाच पुढे पोहोचून जिंकली होती. ऑलिंपिकच्या रोड रेसमध्ये संघाशी बोलायला रेडिओ नसतो, त्यामुळे पुढे अजून एक जण आहे हे तिला कळलंच नव्हतं. कीजनहोफर ही पेशाने गणितज्ञ, आणि त्या वेळी तिच्याकडे कुठल्याही व्यावसायिक संघाचा करार नव्हता. हौशी सायकलपटूंना हा दाखला इतका प्रिय आहे की कुठल्याही गप्पांत तो दहा मिनिटांत निघतोच.

‘आयत्या बिळात नागोबा’ गेला वर्षभर दुसऱ्यांच्या चाकामागे लपून शेवटच्या दोनशे मीटरमध्ये उगवणाऱ्या एका गृहस्थांकडे. सायकल वेगात असताना बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. पुढच्याच्या चाकाला चिकटून राहिलं तर त्यातली चौथाई-तिहाई सहज वाचते, घोळक्याच्या पोटात त्याहून जास्त. नियमात ह्यात काहीच गैर नाही, पण पुढे नाक घासणाऱ्याला ते खुपतं. माइक हातात घेऊन ते म्हणाले, “मी मागे होतो हे कबूल. पण मागे राहायलाही पाय लागतात, साहेब.” सभागृह हसलं, आणि ज्यांचं वारं त्यांनी वर्षभर खाल्लं होतं ते सगळ्यात जास्त हसले.

‘नाचता येईना’ पुरस्कार सर्वोत्तम सबबीला होता. टायरमधली हवा, आदल्या दिवसाचा सराव, नवीन सीट, जुनी सीट हे सगळं मागे टाकून जिंकली ती ही सबब: “चढ मी पाहून गेलो होतो, पण तेव्हा मी तो उतरलो होतो.”

शेवटचा पुरस्कार ‘वरातीमागून घोडं’. ‘क’ गटातल्या एका पोक्त काकांनी मालिकेतली एकही शर्यत चुकवली नव्हती आणि जवळपास प्रत्येकीत ते शेवटी आले होते. ते मंचावर आले आणि म्हणाले, “मी येईपर्यंत तुम्ही शंकू उचलत नाही, त्याबद्दल आभारी आहे.” सगळे उभे राहिले. त्या रात्री कुठल्याही विजेत्याला इतक्या टाळ्या मिळाल्या नाहीत.

इथेच पुढच्या वर्षीच्या घोटाळ्याचं बी पडलं. टाळ्या काकांच्या चिकाटीला होत्या. समितीने टिपून ठेवलं ते एवढंच, की शेवटच्या क्रमांकाचा पुरस्कार लोकांना आवडतो.

दुसरं वर्ष: रेषेच्या अलीकडे उभे राहिलेले दोघे

दुसऱ्या वर्षी समितीने सगळं रीतसर करायचं ठरवलं. रीतसर हा शब्द समितीत निघाला की मला जरा धास्तीच वाटते. हंगामाच्या सुरुवातीलाच विनोदी पुरस्कारांचे निकष जाहीर झाले. ‘वरातीमागून घोडं’साठी सगळ्या शर्यती पूर्ण करणाऱ्यांची एकूण वेळ मोजायची, ज्याची सर्वांत जास्त तो मानकरी. प्रत्येक शर्यतीनंतर व्हॉट्सॲप ग्रुपवर तक्ता यायचा. आणि एका प्रायोजकाने कौतुकाने ह्याच पुरस्कारासाठी चांगल्या रेसिंग टायरची जोडी देऊ केली. ‘अ’ गटात तिसऱ्या येणाऱ्याला पदक मिळायचं. ‘क’ गटात सगळ्यात शेवटी येणाऱ्याला टायर.

पुढे काय होणार ते कोणीही सांगू शकलं असतं. समितीलाच ते दिसलं नाही.

शेवटच्या रोड रेसच्या आधी तक्त्याच्या तळाशी दोघे होते, एक कॉलेजात जाणारा पोरगा आणि एक बँकेतले गृहस्थ. दोघांत फरक एका मिनिटाहूनही कमी. त्यांच्या वर, काही मिनिटांच्या अंतराने, तिसरा एक जण होता. तो कधी ग्रुपमधले तक्ते उघडूनही पाहत नसे.

शर्यतीत तिसऱ्याच्या पोटऱ्यांत गोळे आले. घोळका निघून गेला आणि तो बऱ्याच वेळाने एकटाच, तोंड वाकडं करत रेषेपार गेला. ते दोघे त्याच्याही मागे होते. शेवटच्या वळणावरून दोघे एकदम आले आणि रेषा समोर दिसताच दोघांचाही वेग मंदावला. मग वेग उरलाच नाही. पोरगा ट्रॅक स्टँड करून उभा राहिला, पाय पेडलवरच, पुढचं चाक किंचित तिरकं, सायकल जागच्या जागी डुलतेय. हे कसब ट्रॅकवरच्या स्प्रिंटमध्ये चालतं, तिथे पुढे जायला लागू नये म्हणून खेळाडू असेच थबकतात. पण तिथे शेवटी दोघांनाही जिंकायचं असतं. बँकवाल्यांना ते कसब येत नव्हतं. त्यांनी खाली उतरून मागच्या चाकाच्या व्हॉल्व्हवरचं टोपण काढलं, पिन सैल केली आणि बोटाने दाबली. फस्स करून हवा गेली. मग त्यांनी शांतपणे खिशातून हातपंप काढला आणि एकेक दट्ट्या मोजून मारायला सुरुवात केली.

पोरग्याने ते पाहिलं, सायकल वळवली आणि “बाटली पडली वाटतं” म्हणत उलट दिशेने निघाला.

त्यांच्या मागे शर्यतीची शेवटची गाडी उभी. चालकाला हॉर्न वाजवावा की नाही ते कळेना. वळणांवर रस्ता सांभाळणारे मार्शल जागा सोडू शकत नव्हते. ‘अ’ गट सुरुवातीच्या रेषेवर अंग गरम करून गार व्हायला लागला होता. रस्ता बंद ठेवण्याची मुदत संपत आली होती आणि अडथळ्यापलीकडे वाहनं साचत चालली होती. टायमिंगच्या टेबलावर बसलेले ज्येष्ठ पंच शेवटी उठून रस्त्यात आले. “अरे पोरा, रेषा इकडे आहे, इकडे! आणि अहो साहेब, तुम्ही तरी…” साहेबांनी मान वर न करता सांगितलं, “पंक्चर आहे हो काका, काय करणार!”

पंचांनी घड्याळ बंद केलं, टेबल आवरायला घेतलं आणि निर्णय दिला की दोघांनाही मुख्य घोळक्याची वेळ लावावी.

त्यामुळे एकूण वेळेच्या हिशोबात दोघेही झटकन वर सरकले आणि टायर मिळाले पोटरीत गोळे आलेल्या त्या तिसऱ्याला. आपण कसल्या चुरशीत आहोत हे त्याला तेव्हाच कळलं. दुसऱ्या दिवशी दोघांनीही रीतसर शुल्क भरून तक्रार केली: आमची वेळ चुकीने कमी लावली आहे, ती वाढवून मिळावी.

हे आधी घडून गेलं होतं

पंचांचा निर्णय विचित्र वाटेल, पण त्याला जुना दाखला आहे. 1946 ते 1951 ह्या काळात जिरो द’इतालियात शेवटच्या क्रमांकासाठी काळी जर्सी होती, मालिया नेरा. ती घालणाऱ्याला पैसे आणि प्रसिद्धी दोन्ही मिळायची. लुइजी मालाब्रोक्का 1946 आणि 1947 मध्ये शेवटचा आला आणि त्यासाठी त्याने वाटेत दडून बसण्यापर्यंत मजल मारली, असे किस्से आहेत. गडी कच्चा होता म्हणून नव्हे. सायक्लोक्रॉसमध्ये, म्हणजे चिखल-माळरानातल्या सायकल शर्यतीत, तो पुढे इटलीचा विजेता झाला. 1949 मध्ये सान्ते कारोल्लोशी त्याची शेवटच्या जागेसाठी जुंपली. शेवटच्या टप्प्यात मालाब्रोक्काने इतका उशीर केला की वेळ नोंदवणारे कंटाळले आणि त्यांनी त्याला घोळक्याची वेळ देऊन टाकली, असं सांगितलं जातं. काळी जर्सी कारोल्लोची झाली.

1951 ची शेवटची काळी जर्सी जोव्हान्नी पिनारेल्लोची. पुढच्या वर्षी संघाने त्याला एक लाख लिरा देऊन दुसऱ्या खेळाडूसाठी जागा सोडायला लावली आणि ते पैसे त्याने सायकलच्या व्यवसायात घातले. आज पिनारेल्लो हे नाव लावलेली सायकल कुठल्याही हौशी शर्यतीच्या पार्किंगमध्ये सापडते, आणि तिचा मालक बहुधा शेवटी येत नाही.

तूर द फ्रान्समध्ये शेवटच्याला ‘लाल कंदील’ म्हणतात. तिथे अधिकृत बक्षीस काही नाही, पण शर्यतीनंतरच्या प्रदर्शनी सामन्यांची आमंत्रणं त्याला मिळायची, म्हणजे पुन्हा पैसाच. 1979 मध्ये गेर्हार्ड शोनबाखर आणि फिलिप तेस्निएर ह्यांनी त्यासाठी उघड चढाओढ केली. आयोजक इतके वैतागले की 1980 मध्ये ठरावीक टप्प्यांनंतर शेवटच्या क्रमांकावर असणाऱ्याला बाहेर काढण्याचा नियम आला. त्या नियमातून सहीसलामत निसटून शोनबाखर पुन्हा शेवटचाच आला.

ह्या सगळ्यांत मला आपल्या प्रकरणासाठी सर्वांत कामाचा वाटतो तो 1999 चा जाकी द्युराँ. त्या वर्षीच्या तूरमध्ये तो एकूण निकालात शेवटचा होता आणि सर्वांत लढाऊ खेळाडूचा पुरस्कारही त्यालाच मिळाला. वारंवार घोळक्यापासून सुटून पुढे पळायचा आणि त्यातच त्याचा दम निघायचा. पहिल्या वर्षीचे काका ह्याच जातीचे. शेवटी येणं त्यांनी ठरवलेलं नव्हतं, पूर्ण जोर लावल्यावर जे उरलं ते ते होतं. दुसऱ्या वर्षी समितीने नेमकं तेच ध्येय करून टाकलं, वर त्याला तक्ता आणि टायर जोडले. त्या दोघांवर समितीत बराच राग निघाला, पण ते जाहीर झालेल्या नियमांत बसेल असंच वागले होते.

लंगडी गाय

दुसरं प्रकरण ह्याहून कमी मजेदार आणि जास्त महत्त्वाचं.

‘वासरात लंगडी गाय’ हा पुरस्कारही त्याच वर्षी सुरू झाला. वरच्या गटाची ताकद असूनही खालच्या गटात राहून शर्यती लुटणाऱ्यासाठी. सगळीकडच्या हौशी शर्यतींतलं हे जुनं भांडण आहे. गुण भरत आले की शेवटच्या शर्यतीत मुद्दाम चौथं यायचं, नाहीतर वरच्या गटाचा अर्ज लांबवायचा. नाव मतदानातून ठरलं. ‘क’ गटात लागोपाठ जिंकणाऱ्या एका सायकलपटूला भरघोस मतं पडली.

नाव पुकारलं गेलं. तो बायको-मुलीबरोबर आला होता. तो उठलाच नाही. हशा आधी मोठा होता, मग तुटक, मग थांबला. नंतर कळलं की मोठ्या आजारातून उठून तो त्या वर्षी पुन्हा सायकलवर बसला होता. डॉक्टरांनी सांभाळून घ्यायला सांगितलं म्हणून ‘क’ गटात उतरला, आणि ताकद त्याच्या अपेक्षेहून लवकर परतली.

समितीत दोन पक्ष पडले. एक म्हणे, थट्टा आहे, त्यात काय एवढं मनाला लावून घ्यायचं. दुसरा म्हणे, पुरस्कारच बंद करा. दोघांचंही मला पटत नाही. नागोबाला नागोबा म्हटलं तेव्हा तो हसला, कारण तो चाकामागे बसलेला सगळ्यांनी पाहिला होता आणि तो ते नाकारतही नव्हता. उतावळ्या नवऱ्याचे हात वर गेलेले फोटोत आहेत. लंगड्या गायीच्या पुरस्कारात मात्र कृती नाही, हेतू आहे, आणि हेतू कोणी पाहिलेला नसतो. ‘तू मुद्दाम केलंस’ हा आरोप आहे. त्याला ट्रॉफी चिकटवली म्हणून तो विनोद होत नाही.

शिवाय एक गोष्ट सोयीस्करपणे विसरली गेली होती. वरच्या गटात पाठवणं हे काम समितीचंच होतं. त्याचे गुण हंगामाच्या मध्यालाच भरले होते. कागद समितीच्या फायलीत पडून होता.

तिसरं वर्ष

बदल थोडे होते. निकष आधी जाहीर करायचे नाहीत. तक्ता नाही, मतदान नाही. प्रायोजकाचे टायर शर्यती पूर्ण करणाऱ्यांत सोडत काढून द्यायचे. पुरस्कार म्हणून फक्त टाकाऊ वस्तू: झिजलेली चेन, दात गेलेला गिअर, वाकडा स्पोक. अपघातावर पुरस्कार नाही. हा नियम कोणीतरी ‘लोटांगण’ नावाचा पुरस्कार सुचवल्यावर झाला. एकाच्या पडण्यात मागच्या चौघांच्या गळपट्टीची हाडं गुंतलेली असतात. मार्शलवरही थट्टा नाही, मग त्याने आघाडीच्या गटाला चुकीच्या रस्त्याला का लावलेलं असेना. सायकलपटू पुढच्या वर्षी येतोच, पहाटे उठून कोपऱ्यावर उभा राहणारा मार्शल येईलच असं नाही.

‘वरातीमागून घोडं’ कोणाला द्यायचं ते आता शेवटच्या गाडीचा चालक ठरवतो. वर्षभर मागून सगळ्यांना तोच पाहत असतो, कोण दमलाय आणि कोण नाटक करतोय हे त्याच्याइतकं कोणालाच कळत नाही. ‘लंगडी गाय’ त्या वर्षी एकदाच दिली गेली आणि मग बंद झाली. ती मिळाली समितीला, पडून राहिलेल्या कागदासकट. कागद मंचावर मोठ्याने वाचला गेला. तो सायकलपटू त्या वर्षी ‘ब’ गटात होता. ह्या वेळी तो हसला की नाही ह्याबद्दल समितीत एकमत नाही.

एक गोष्ट मात्र समितीला सुचली नव्हती, ती महिला गटाने करून दाखवली. पहिली दोन वर्षं नावं सुचवणारे बहुतेक पुरुष होते, त्यामुळे महिला गटातलं काहीच पुरस्कारांत आलं नव्हतं. तिसऱ्या वर्षी त्यांनी आपलं नाव आपणच ठरवलं, पुरस्कारही नवा: ‘घोडं पेंड खातंय’. मानकरी ठरली ती चढाईच्या शर्यतीला इलेक्ट्रॉनिक गिअरची बॅटरी चार्ज न करता आलेली एक ताई. पायथ्यालाच गिअर सगळ्यात जड दातावर अडकला आणि तिने अख्खा चढ त्याच गिअरवर, बहुतेक उभ्यानेच, पार केला. बक्षीस म्हणून तिला एक जुनी चार्जिंग केबल दिली. ती तिच्या गिअरला बसत नव्हती.